लोणीची पिल्लं

आमच्या पतसंस्थेत ५०,००० रुपयांचं कर्ज हवं असेल तर दोन जामीनदार लागतात, त्यांच्या पगाराच्या पावत्या लागतात आणि घर भाड्याचं असेल तर करारनामाही लागतो. हे सगळं बघून सही करायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे आहे. लोक वैतागतात, मी बधत नाही. त्याच मी २०१६च्या मार्चमध्ये कोंढव्यातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये उभं राहून १२,००० रुपये रोख मोजून दिले आणि बुटांच्या खोक्यातून मांजराचं पिल्लू घरी आणलं. पावती मागितली नाही. आईबाप कोण, हे विचारलं नाही. खरं तर आई तिथेच होती, बाल्कनीत पिंजऱ्यात, चौथ्या की पाचव्या वेताची. तिच्याकडे बघून मी "किती गोड!" एवढंच म्हणाले.

विकणाऱ्याने मात्र मला बरंच विचारलं होतं. "पंच फेस पाहिजे की डॉल फेस? सेमी पंच पण आहे." मला काही कळेना, तेव्हा त्याने दोन पिल्लं शेजारी धरून दाखवली. डॉल फेस म्हणजे नाक आहे असं पिल्लू. ते ८,०००ला. पंच फेस म्हणजे चेहऱ्यावर बुक्की मारल्यासारखं, नाक थेट दोन डोळ्यांच्या मध्ये. ते १२,०००ला. नाक जितकं आत, तितका भाव वर. माझी लेक सई तेव्हा बारा वर्षांची होती. तिने पंच फेसवालं उचललं आणि ते पुन्हा खाली ठेवलं नाही. रंगावरून नाव पडलं लोणी.

लोणी झोपली की घोरायची. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो. तिला ताटलीतला दाणा उचलता यायचा नाही. ती तो ताटलीभर ढकलत न्यायची, कडेला अडला की जिभेने ओढायची. डोळ्यांतून सतत पाणी यायचं आणि गालांवर चहाच्या डागांसारख्या दोन तपकिरी रेघा पडायच्या. रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस बुडवून मी त्या पुसायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "ही सारखी रडते का गं?" मी म्हणाले, "नाही हो आई, या जातीचं असंच असतं." हे वाक्य पुढची सहा वर्षं मी बऱ्याच गोष्टींवर वापरलं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी असते, चेहरा चपटा करत नेला की ती दुमडते आणि पाणी बाहेर सांडतं, हे मला फार नंतर समजलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या पर्शियन मांजरांची चित्रं बघा. चांगलं नाक आहे त्यांना. हे नाक माणसांनी आत ढकललंय, पिढ्यान् पिढ्या, प्रदर्शनातल्या बक्षिसांसाठी आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी.

आता माझ्या चुकीकडे येते.

२०१८च्या दिवाळीनंतर लोणी माजावर आली आणि रात्र-रात्र ओरडायला लागली. नसबंदी करायची हे ठरलेलंच होतं, पण ओळखीतून एकाचा फोन आला. त्यांच्याकडे सुलतान नावाचा करडा पर्शियन बोका होता, पांढऱ्या पंजांचा. "मेटिंगचे पैसे नकोत मॅडम, एक पिल्लू द्या. पहिली निवड आमची." सईला पिल्लं हवी होती. मलाही, खोटं कशाला बोलू, हवीच होती. सुलतानचा फोटो बघितला, नाक आत आहे याची खात्री केली, आणि लोणीला चार दिवस तिकडे ठेवली.

संक्रांतीच्या आदल्या रात्री ती व्यायली. चार पिल्लं नीट झाली, पाचवं अडकलं. या मांजरांच्या पिल्लांची डोकी मोठी आणि रुंद असतात, त्यामुळे असं होतं. पहाटे डॉक्टरकडे नेलं तोवर ते गेलेलं होतं. उरले दोन बोके, आईच्या रंगाचे, आणि दोन माद्या, करड्या-पिवळ्या ठिगळांच्या. पाडव्याच्या आत चौघंही नव्या घरी गेली. एक बोका नाशिकला माझ्या नणंदेकडे. एक मादी बाणेरच्या एका तरुण जोडप्याकडे, ८,००० रुपयांना. दुसरी सातारा रस्त्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेकडे, तीही ८,०००ला. आणि दुसरा बोका, चौघांत सगळ्यात चपट्या चेहऱ्याचा, सुलतानच्या मालकाने निवडून नेला. १६,००० रुपये आले. सईच्या बारावीच्या क्लासला उपयोगी पडतील म्हणून मी ते आमच्याच संस्थेत वेगळ्या बचत खात्यात टाकले.

२०२२च्या पावसाळ्यात लोणी पाणी जास्त प्यायला लागली. न्हाणीघरातल्या बादलीवर पुढचे पाय टेकून लपलप आवाज करत पीतच राहायची. मला उलट बरं वाटलं, मांजरं पाणी कमी पितात अशी सगळ्यांची तक्रार असते. लिटरच्या मातीतले लघवीचे गोळे लिंबाएवढे असायचे, ते मोसंब्याएवढे झाले. एवढ्या केसांखाली वजन उतरलेलं हाताला लागेपर्यंत दोन महिने गेले. ज्या डॉक्टरकडे नेलं त्यांनी लघवीचा संसर्ग म्हणून दोनदा अँटिबायोटिक दिलं. रक्त तपासायचं त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. रक्तातलं क्रिएटिनिन ४.१ निघालं. मांजराचं साधारण दोनच्या आत असायला हवं. त्यांनी तिथल्या तिथे सोनोग्राफी केली. फोमच्या खोलगट गादीवर लोणीला उताणं झोपवलं, सईने पुढचे पाय धरले, मी मागचे. पोटावरचे केस यंत्राने काढले तेव्हा खालची गुलाबी कातडी मी पहिल्यांदाच बघितली. जेल लावलं आणि पडदा डॉक्टरबाईंनी आमच्याकडे वळवला. आप्पेपात्र वरून बघितलं की कसं दिसतं, तसं होतं ते. काळे गोल खळगे, लहान-मोठे, एकमेकांना चिकटून.

"काळं दिसतंय ते पाणी," त्या म्हणाल्या. "या गाठी आहेत, पाण्याने भरलेल्या. मधे जे करडं राहिलंय ना, तेवढीच किडनी उरलीय. याला पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात."

"कधीपासून असेल?"

"जन्मापासून. तुम्ही घरी आणलीत तेव्हाही होत्या, टाचणीच्या टोकाएवढ्या. दरवर्षी थोड्या वाढत गेल्या." लोणीच्या पोटावरचं जेल पुसता पुसता त्यांनी विचारलं, "हिला पिल्लं झालीत का कधी?"

मी "चार" म्हणाले, आणि मला मामा आठवला.

पॉलिसिस्टिक हा शब्द मला नवा नव्हता. माझा कराडचा मामा सेहेचाळिसाव्या वर्षी डायलिसिसवर गेला तो याच आजाराने. पुण्याच्या डॉक्टरांनी मामाला औषधं नंतर लिहून दिली, आधी विचारलं, आईवडील कशाने गेले, भावंडं किती, मुलं किती. आजी "लघवी बंद होऊन" गेली होती, एवढंच घरात माहीत होतं. मग मामाच्या तिन्ही मुलांची सोनोग्राफी झाली. दोघं मोकळी सुटली, एकात गाठी निघाल्या. माझ्या आईचीही केली. तिच्या किडन्या स्वच्छ होत्या, म्हणून माझी करावी लागली नाही. हा आजार पिढी गाळून येत नाही. आईत नसेल तर तिच्याकडून मला मिळायचा प्रश्नच नाही.

मामाचं सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार तोच. माणसात बहुतेक वेळा ज्या जनुकात बिघाड असतो, पीकेडी-१, त्याच जनुकाच्या मांजरातल्या जोडीदारात हा बिघाड आहे. आईकडून किंवा बापाकडून, एकाकडून आला तरी पुरतो. लोणीच्या प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा, चार वेळा. दोन्हीकडून आला तर पिल्लू पोटातच जिरतं, म्हणून जे जन्मतं त्याच्यात एक तरी चांगली प्रत असते आणि ते काही वर्षं अगदी धडधाकट दिसतं. आजार बाहेर पडतो तो साधारण तीन ते दहा वर्षांच्या दरम्यान, बहुतेकांना सातव्याच्या आसपास. तोपर्यंत मादीची वेतं होऊन गेलेली असतात. अमेरिकेत, डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लेस्ली लायन्स यांच्या गटाने हा बिघाड नेमका कुठे आहे ते २००४ सालीच शोधून काढलं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून चाचणी होते. वेगवेगळ्या देशांत पाहणी झाली तेव्हा पर्शियन मांजरांत तिघांमागे एकाहून जास्त जणांत तो सापडला. म्हणजे लोणी जन्मायच्या बारा वर्षं आधीपासून हे माहीत होतं. आणि चाचणी लांबच राहू दे, मांजर दहा महिन्यांचं झालं की साध्या सोनोग्राफीतही बहुतेकदा दिसतं. लोणीच्या सोनोग्राफीचं मी १,५०० रुपयांचं बिल भरलं. बाल्कनीतल्या पिंजऱ्यातली ती आई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आल्यावर सई रडत होती आणि मी फोनमधले जुने नंबर शोधत होते. नवरा म्हणाला, "आता लोकांना कशाला घाबरवतेस?" मामाच्या डॉक्टरांनी असा विचार केला असता तर, असं मी त्याला विचारलं. तो गप्प बसला.

पहिला फोन वन्संना. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आमचा बंड्या दोन चिकन पाय संपवतो, त्याला कसली किडनी?" पण आठवड्याच्या आत नाशिकला सोनोग्राफी करून आल्या. दुपारी ऑफिसात फोन. "पास झाला गं आमचा बंड्या!" समोर कर्जदार बसलेला होता. मी त्याची फाइल तशीच मिटली आणि पाणी प्यायले.

बाणेरचं जोडपं बंगळुरूला गेलेलं होतं. त्यांच्याकडच्या मादीच्या, चिकूच्या, दोन्ही किडन्यांत मिळून पाच गाठी निघाल्या, सगळ्यात मोठी ४ मिलिमीटरची. रक्त अजून चांगलं होतं. जोडप्यातली मुलगी फोनवर थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग वही घेतल्यासारखं एकेक विचारायला लागली. मला डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. गाठी घालवणारं औषध नाही. सहा महिन्यांनी रक्त आणि ब्लड प्रेशर बघायचं, कोरड्या दाण्याऐवजी ओलं खाणं वाढवायचं, आणि कुठल्याही दुखण्यावर वेदनाशामक द्यायच्या आधी डॉक्टरला किडनीचं सांगायचं. ८,००० रुपये परत करते म्हणाले तर ती म्हणाली, "सोनोग्राफीचे द्या हवं तर काकू. चिकू काही परत द्यायची नाहीये." तिचे २,००० आणि वन्संचे १,५००, दोन्ही मी त्या बचत खात्यातूनच पाठवले.

तिच्याशीच नंतर एकदा वाद झाला. चिकूला सोबत म्हणून त्यांना दुसरं मांजर घ्यायचं होतं आणि कान दुमडलेलं स्कॉटिश फोल्ड त्यांनी बघून ठेवलं होतं. एव्हाना मी एवढं वाचलं होतं की मला राहवेना. ते कान दुमडतात कारण त्यांच्यातली कूर्चा सदोष असते, आणि कूर्चा फक्त कानात नसते. घोट्यात असते, शेपटीच्या मणक्यांत असते. कान वाकले म्हणजे सांध्यांतही दोष आहेच, कुणाला कमी, कुणाला लहानपणीच लंगडवण्याइतका. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सुझी नावाच्या पांढऱ्या मांजरीचे कान असे निघाले आणि एका धनगराच्या नजरेला ती पडली. आजची सगळी तिची प्रजा. ब्रिटनमधल्या मांजरांच्या नोंदणी-संस्थेने १९७०च्या दशकातच या जातीची नोंद घेणं थांबवलं. पर्शियनमध्ये निदान निरोगी आईबाप निवडता तरी येतात, इथे ज्या कानांसाठी पैसे मोजायचे तोच आजार. हे सगळं मी तिला एका दमात ऐकवलं. "मग काय गावठीच घ्यायचं का?" ती जरा तुटकपणे म्हणाली. गावठी मांजरं अमरपट्टा घेऊन येतात असं माझं म्हणणं नाही. आमच्या पार्किंगमधली निम्मी पिल्लं गाड्यांखाली जातात. पण त्यांच्या आईबापाला कुणी नाक बघून जोडलेलं नसतं. शेवटी त्यांनी काय घेतलं ते मी विचारलं नाही.

सातारा रस्त्यावरच्या बाईंनी तपासणीला चक्क नकार दिला. "मी ७१ वर्षांची आहे. आज कळलं तर उद्यापासून मी तिच्याकडे आजारी म्हणून बघणार. नको मला." मला राग आला होता. पण त्यांनी तिची नसबंदी पहिल्याच वर्षी करून घेतली होती, मी करायला हवी होती तशी. पाणी किती पिते यावर लक्ष ठेवा, एवढं सांगून मी फोन ठेवला.

इकडे लोणीला दिवसाआड सलाईन सुरू झालं होतं. आर.एल.ची बाटली पडद्याच्या दांड्याला टांगायची. आधी ती पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, नाहीतर लोणी शहारायची. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्यात सुई घालायची. पहिल्या वेळी माझी सुई आरपार निघाली आणि अर्धं पाणी माझ्या साडीवर गेलं. शंभर मिली आत गेलं की पाठीवर मऊ उंचवटा यायचा आणि तासाभरात तो घरंगळत एका पायाकडे उतरायचा. मग ती एका बाजूला गोणी लादलेल्या गाढवासारखी तिरकी चालायची. किडनीसाठीचं महागडं खाणं तिने हुंगून सोडलं. एप्रिलमध्ये तोंडात व्रण आले, श्वासाला तुंबलेल्या मोरीसारखा वास यायला लागला. तरी सकाळी कापूस घेऊन बसले की ती चेहरा वर करायची.

२०२३च्या जूनमध्ये, पाऊस लांबला होता तेव्हा, ती गेली. साडेसात वर्षांची होती.

सुलतानच्या मालकाला मी लोणीचं निदान झालं त्या पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. तो हसला. "मॅडम, सुलतानची पन्नासेक पिल्लं झाली असतील, आजवर एक तक्रार नाही." तक्रार येणार कशी? पिल्लू सात वर्षांचं होऊन झिजायला लागतं तेव्हा लोक डॉक्टरकडे जातात, विकणाऱ्याकडे नाही. मीही कोंढव्याला गेले नव्हतेच. नंतर गेले, तर त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब राहत होतं. सुलतानच्या मालकाने निवडून नेलेला बोका महिन्याभरात डोंबिवलीला कुणाला तरी १५,०००ला विकला होता. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर त्याने नंबर दिला. तो बंद आहे. एकच धागा हाती लागला. २०२१ साली त्या घेणाऱ्याने सुलतानच्या मालकाला एक फोटो पाठवला होता, तो त्याने मला पुढे पाठवला. तोच बोका, मोठा झालेला, सोफ्यावर बसलेला, आणि फोटोवर अक्षरं, 'मेटिंगसाठी उपलब्ध'.

म्हणून हे लिहितेय. त्या बोक्याचा जन्म १४ जानेवारी २०१९चा. रंग लोण्यासारखा, फक्त पुढचा उजवा पंजा पांढरा, डाव्या कानाच्या टोकाला बारीक चीर आहे, बंड्याने लहानपणी चावल्याची. आता तो सहा वर्षांच्या पुढे असेल. २०१९च्या एप्रिलनंतर तो डोंबिवलीत होता. तो तुमच्याकडे असेल, किंवा त्याचं एखादं पिल्लू तुमच्या घरी असेल, तर एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्याला कुठल्या मादीकडे पाठवू नका. खर्च माझा. त्या बचत खात्यात अजून १२,५०० रुपये आहेत.